पूरक आहार आणि वनौषधी : किती उपयोगी, किती अनाठायी?

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील शेतकरी बंधू-भगिनींसमोर दिलेले भाषण)



भाताची रोपवाटिका, खताची मात्रा, किडींचा बंदोबस्त हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र शक्तीच्या पावडरी, टॉनिके, चूर्णे, काढे आणि कॅप्सूल यांविषयी बोलायचे आहे. हा विषय डॉक्टरांचा, शेतीशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु संबंध अगदी जवळचा आहे. या डब्यांत आणि बाटल्यांत जे भरलेले असते, त्यातील बरेचसे आपल्या वरकस जमिनीत, परसात आणि बांधावर उगवते. आणि ते विकत घेण्यासाठी जो पैसा जातो, तो आपल्याच भाताचा आणि भाजीपाल्याचा असतो.

महाडच्या किंवा पोलादपूरच्या बाजारात आज अशा मालाची कमतरता नाही. गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणारा चाकरमानी मुलगा आईसाठी कॅल्शियमच्या गोळ्या, बापासाठी अश्वगंधा आणि पुतण्यासाठी पावडरचा डबा घेऊन येतो. त्यामागची माया खरी असते. प्रश्न एवढाच की, त्या वस्तूचा त्या माणसाला उपयोग होतो काय? काही वेळा होतो, काही वेळा पैसे वाया जातात, आणि काही वेळा अपायही होतो. या तिन्हींतील फरक आपल्याला ओळखता यावा, एवढाच आजच्या बोलण्याचा उद्देश आहे.

गुण आला, हे कसे ओळखावे?

प्रथम एक मूलभूत गोष्ट लक्षात घेऊ. त्यासाठी उदाहरण आपल्याच तालुक्यातले आहे. कोकणातील लाल विंचवाचा दंश किती घातक असतो हे आपणांस सांगावयास नको. १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाने गंभीर झालेल्या प्रत्येक रुग्णाजवळ बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींच्या आधारे त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरण्यास सुरुवात केली आणि १९८६ साली त्याची माहिती 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात दिली. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण पुढे एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या आधीही विंचवावर पाला, मुळी आणि मंत्र चालतच होते आणि त्यांनी गुण आल्याचे लोक शपथेवर सांगत. कारण सरळ आहे. प्रत्येक दंश सारखाच विषारी नसतो. बरीच माणसे आपोआप बरी होतात आणि श्रेय मात्र शेवटी केलेल्या उपायाला मिळते. टॉनिकचेही तसेच आहे. आजारातून उठलेला माणूस पंधरा-वीस दिवसांत तसाही ताजातवाना होणार असतो. त्याच दिवसांत डबा संपला तर गुण डब्याचा ठरतो. नवीन खताची परीक्षा करताना आपण शेजारी एक वाफा खताविना ठेवतो आणि मगच बोलतो. औषधालाही तोच नियम लावला पाहिजे.

आपल्या आहारात उणीव कशाची आहे?

माती परीक्षण न करता खत टाकू नये, असे आपण नेहमी सांगतो. शरीराचेही तेच. उणीव असेल तरच पूरक वस्तूचा फायदा होतो. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काही मिळत नाही.

आपल्या भागातील मुख्य अन्न म्हणजे भात. गिरणीत पांढरा शुभ्र करून आणलेल्या तांदळातून पिष्टमय भाग पुरेसा मिळतो. परंतु कोंड्याबरोबर बरीचशी जीवनसत्त्वे निघून जातात. अशा जेवणात साधारणपणे चार गोष्टी कमी पडतात : लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व ब-१२ आणि चांगल्या प्रतीची प्रथिने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. लहान मुलांत तर हे प्रमाण त्याहून जास्त होते. म्हणजे दर दुसऱ्या घरात कोणीतरी पांडुरोगी आहे. बाई लावणीला वाकली की चक्कर येते, चढ चढताना धाप लागते. याला आपण 'कामाचा शीण' म्हणतो. वास्तविक तो रक्ताचा दोष असू शकतो.

शेतातील टॉनिके

आता पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय पाहू.

नाचणी : डोंगरउतारावरचे हे पीक आपल्याकडे मागे पडत चालले आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे १००० मिलिग्रॅम आहे. दोन मध्यम भाकऱ्यांना १०० ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर गरजेचा तिसरा हिस्सा तेथेच येतो. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले आणि शहरात नाचणीची बिस्किटे महाग दराने विकली जाऊ लागली. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने 'दापोली-१' सारखे सुधारित वाण दिलेले आहेत. तेव्हा वरकस जमिनीचा एक तुकडा तरी घरच्या नाचणीसाठी राखावा.

नाचणीच्या दाण्यात काही घटक असे असतात की ते लोह व कॅल्शियम धरून ठेवतात. मोड आणल्याने त्यांचे प्रमाण कमी होते. सत्त्व करण्याची रीत अशी : नाचणी निवडून तीन-चार वेळा धुवावी. रात्रभर भिजत घालावी. सकाळी पाणी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधावी. साधारण एक दिवसात बारीक मोड येतात. नंतर स्वच्छ कापडावर पूर्ण वाळवून मंद आचेवर हलकी भाजावी व दळून चाळून घ्यावी. तीन भाग नाचणीस एक भाग भाजलेले मूग या प्रमाणात पीठ मिसळल्यास प्रथिनांचीही भर पडते. मोड आलेल्या धान्याची पेज पातळ राहते, त्यामुळे बाळाच्या लहानशा पोटात जास्त पीठ जाऊ शकते. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आईच्या दुधाबरोबर ही पेज द्यावी. त्याआधी मात्र आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये.

शेवगा : शेंगा बाजारात आणि पाला गुरांना, असे अनेक ठिकाणी होते. शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅल्शियम असते. शिवाय शरीरात ज्यापासून जीवनसत्त्व 'अ' तयार होते ते कॅरोटीन विपुल असते. हाच पाला वाळवून, बाटलीत भरून, परदेशात 'मोरिंगा पावडर' या नावाने विकला जातो. घरी करावयाची झाल्यास पाला धुऊन सावलीत दोन ते चार दिवस कुरकुरीत वाळवावा. उन्हात कॅरोटीन नष्ट होते. आपल्याकडे पावसाळ्यात पाला नीट वाळत नाही, बुरशी येते. म्हणून हे काम फाल्गुन ते वैशाख या काळात उरकावे. भाकरीच्या पिठात किंवा आमटीत माणशी एक-दोन चमचे पुरेत. पावसाळ्यात ताज्या पाल्याची भाजीच करावी.

कुळीथ : भातानंतरच्या ओलाव्यावर येणाऱ्या या कडधान्यात २० ते २२ टक्के प्रथिने असतात. लोह व कॅल्शियमही चांगले असते. कुळथाची पिठी हे आपले रोजचे 'प्रोटीन पावडर'च आहे. मोड आणून उसळ केल्यास अधिक चांगले. कुळथाचा काढा मुतखडा विरघळवतो, ही समजूत मात्र खात्रीने सिद्ध झालेली नाही. अशा रुग्णाला भरपूर पाणी पिण्याचा फायदा नक्की होतो. पण लघवी अडली, ताप आला किंवा असह्य कळ आली, तर काढ्यावर थांबू नये.

आवळा : आवळ्यातील जीवनसत्त्व 'क' संत्र्याच्या कितीतरी पट आहे. हे जीवनसत्त्व पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत करते. आवळा नसेल तर जेवताना भाजीवर लिंबू पिळावे किंवा पेरू खावा. भाजी लोखंडी कढईत शिजवावी. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. निदान एक तास मध्ये जाऊ द्यावा. या सवयीला एक पैसाही लागत नाही.

सुकी मासळी : बाजारातून आणलेली सुकट व जवळा हे अख्खे, काट्यासकट खाल्ले जातात. त्यांतून प्रथिने, कॅल्शियम आणि ब-१२ ही तिन्ही मिळतात. मीठ जास्त असते म्हणून चांगली धुऊन घ्यावी. रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने खावी.

पुणे आणि मुंबईचा अनुभव

हे केवळ आजीबाईचे बोल आहेत असे समजू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची पाहणी केली. तेथील स्त्रियाही आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या. ज्या स्त्रियांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे वजनाने अधिक भरली. त्याच पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले.

मुंबईत याच्या पुढची पायरी गाठली गेली. वस्त्यांमधील साडेसहा हजारांवर स्त्रियांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ आणि दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा खाऊ देण्यात आला. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रिया एकत्र धरल्या तर बाळाच्या वजनात फारसा फरक पडला नाही. परंतु दिवस राहण्याच्या आधी तीन महिने वा अधिक काळ ज्यांनी पाल्याचा खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. पुढे असेही दिसून आले की, गरोदरपणातील मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के, तर पाल्याच्या खाऊच्या गटात ७.३ टक्के होता. यावरून एक गोष्ट आपण घ्यावी. सुनेला दिवस गेल्याचे कळल्यावर तिच्या ताटाकडे पाहण्यात थोडा उशीरच होतो. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या आणि नव्या सुनेच्या पानात पालेभाजी व दूध आधीपासून पडले पाहिजे.

जेथे गोळीच हवी

अन्न उत्तम असले तरी काही ठिकाणी गोळीला पर्याय नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 'आमची नाचणी आहे, गोळी कशाला?' असे म्हणून चालणार नाही.

१. गरोदर स्त्रीने सुरुवातीच्या तीन महिन्यांत फॉलिक आम्लाची गोळी आणि चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस घ्यावी. बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस घ्यावी. गोळी उपकेंद्रात फुकट मिळते. शौचास काळे होते, थोडी मळमळ होते, म्हणून पुष्कळजणी ती कोनाड्यात ठेवून देतात. रात्री जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. घरच्या पुरुषांनी आणि सासूबाईंनी गोळीची आठवण करावी. एवढ्या एका गोष्टीने बाळंतपणातील मोठा धोका टळू शकतो.

२. कॅल्शियमची गोळी गरोदरपणात सांगितल्याप्रमाणे घ्यावी. परंतु लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नये. दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे.

३. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत जवळजवळ नसतेच. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच ते मिळते. आपल्या भागात माळकरी कुटुंबे बरीच आहेत. त्यांनी रोज दूध, दही किंवा ताक यांपैकी काहीतरी घ्यावेच. हातापायांना मुंग्या, जिभेची आग, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे दिसली तर रक्त तपासून घ्यावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत ही उणीव अधिक होते. येथे गोळी किंवा इंजेक्शन खरोखर गुणकारी ठरते. उशीर झाल्यास नसांची हानी भरून येत नाही. पुण्याच्या पाहणीत ज्या मातांच्या रक्तात फॉलिक आम्ल भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली. याचा अर्थ फॉलिकची गोळी सोडावी असा नाही. तिच्या जोडीला ब-१२ कडेही लक्ष द्यावे, असा आहे.

४. मुलांना जीवनसत्त्व 'अ'चा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत, ठरलेल्या वेळीच व ठरलेल्या मात्रेतच द्यावा. जास्त झाल्यास तो विषारी ठरतो. जंताचे औषधही शाळेत व अंगणवाडीत मिळेल तेव्हा चुकवू नये. पोटात जंत असताना टॉनिक देणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

५. मीठ आयोडीनयुक्त वापरावे आणि ते झाकून ठेवावे.

सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असणाऱ्यांनी मात्र तपासणीविना लोह घेऊ नये.

वनौषधींचे काय?

वनस्पती आहे म्हणून ती निरुपद्रवी, असा एक समज जाहिरातींनी पसरविला आहे. आपल्या मायबहिणींनी तो कधीच मानलेला नाही. पावसाच्या तोंडावर येणारी शेवळे शिजवताना त्या काकडाची फळे घालतात, कारण नाहीतर घसा खवखवतो. कोणता पाला, कोणत्या महिन्यात, कोणता भाग, कसा शिजवून, हे सारे त्या पाहतात. औषधी वनस्पतींच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी.

हळद : १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे पेटंट एका विद्यापीठाला देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते लढविले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हळदीचे ज्ञान आपले आहे हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु हळद सर्व रोगांवर चालते असे त्यावरून सिद्ध झाले नाही. हळदीतील कुर्क्युमिन सांधेदुखीत काही प्रमाणात आराम देते असे प्रयोगांत दिसते. मात्र ते आतड्यातून फार थोडे शोषले जाते. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात दिसून आले की, मिऱ्यातील पायपरीनमुळे हे शोषण वीसपट वाढते. म्हणून हल्ली कॅप्सूलमध्ये दोन्ही घालतात. शोषण वाढले की अपायाची शक्यताही वाढते. अशा कॅप्सूलने यकृताला सूज आल्याची उदाहरणे अमेरिकेत नोंदली गेली आहेत. फोडणीतील हळद निर्धास्त खावी. कॅप्सूलला मात्र औषध समजावे.

गुळवेल : आपल्या कुंपणावर सहज वाढणारी ही वेल कोरोनाच्या साथीत घरोघरी उकळली गेली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताचा विकार झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदविले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे असे की, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीमुळेही असे घडू शकते. आपल्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच. वेलीची खात्री नसताना, महिनोन् महिने, वैद्याच्या सल्ल्याविना काढा पिऊ नये. कावीळ होऊन गेलेल्यांनी, दारू पिणाऱ्यांनी आणि संधिवातासारख्या विकारावर औषध घेणाऱ्यांनी तर नकोच.

अश्वगंधा : ताण आणि झोप यांवर तिचा थोडाफार उपयोग होतो असे काही लहान प्रयोगांत आढळले. परंतु गरोदर स्त्रियांनी, थायरॉईडचे औषध घेणाऱ्यांनी आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनी ती टाळावी. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. हे पीक मंदसौर-नीमचच्या कोरड्या हवेतले आहे. आपल्या पावसात मुळे कुजतात, म्हणून रोपे विकणाऱ्यांच्या बोलण्याला भुलू नये.

शतावरी : बाळंतिणीला दूध येण्यासाठी ती देतात. पुरावा अपुरा आहे. दूध वाढते ते बाळाला वारंवार पाजल्याने, भरपूर पाणी, पोटभर जेवण आणि विश्रांती यांमुळे. अळिवाचे लाडू हे मात्र चांगले अन्न आहे. त्यात लोह भरपूर असते.

हिरडा व त्रिफळा : घाटातला हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे चूर्ण बद्धकोष्ठावर उपयोगी पडते. जुलाब होत असताना किंवा गरोदरपणी घेऊ नये.

कोकम : कोकमच्या सालीतील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल वजन घटविते असे सांगून गोळ्या विकल्या जातात. परिणाम नगण्य आहे. २००९ साली अमेरिकेत वजन घटविण्याची एक प्रसिद्ध गोळी यकृताच्या विकारांच्या तक्रारींमुळे मागे घ्यावी लागली. तिच्या काही प्रकारांत कोकमाच्याच कुळातील फळाचा अर्क होता. आमसूल, आगळ, सोलकढी यांना ही भीती नाही. मधुमेह्यांनी साखरेच्या सरबताऐवजी आगळ वापरावे.

ज्येष्ठमध, मेथी, कारले : ज्येष्ठमध सतत चघळल्यास रक्तदाब वाढतो. मेथी व कारले रक्तातील साखर थोडी उतरवितात; परंतु त्यांच्या भरवशावर इन्सुलिन किंवा गोळी बंद करणे जिवावर बेतते. औषधाबरोबर घेतल्यास साखर एकदम खालीही जाऊ शकते.

डबा घेण्यापूर्वी

मुलांच्या पावडरच्या डब्यावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर असेल तर आपण साखरेलाच पैसे मोजतो आहोत असे समजावे. २०२४ साली केंद्र सरकारने ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नयेत असे कळविले, कारण कायद्यात तसा प्रकारच नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. डब्याच्या किमतीत किती अंडी, किती दूध व किती कुळीथ येतात, याचा हिशेब घरीच करून पाहावा.

जास्त म्हणजे चांगले, हेही खरे नाही. फिनलंडमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. कॅरोटीनच्या गोळ्यांनी कर्करोग टळेल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग उलट अधिक आढळला. गाजरातले व पालेभाजीतले कॅरोटीन ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा विडी ओढणाऱ्या बंधूंनी टॉनिकपेक्षा विडी सोडण्यावर भर द्यावा.

खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

पूरक आहारावर 'हेल्थ सप्लिमेंट' व 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाचे शब्द आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना, बॅच क्रमांक व मुदत असते. पावती घ्यावी. मधुमेह, कर्करोग, वंध्यत्व हमखास बरे करण्याची जाहिरात करणे हा १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशी हमी देणाऱ्याकडून काहीच घेऊ नये. लेबल नसलेल्या पुड्या आणि भस्मे तर मुळीच नकोत. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डॉक्टरांकडे गेल्यावर घरी कोणता काढा, कोणते चूर्ण चालू आहे ते न लाजता सांगावे. शस्त्रक्रियेपूर्वी तर अवश्य सांगावे.

आपण काय करावे?

बंधू-भगिनींनो, प्रत्येक घराच्या परसात दोन शेवगे, एक आवळा, एक पेरू, एक लिंबू, कढीपत्ता आणि सांडपाण्यावर अळूचा वाफा इतके तरी असावे. वरकस जमिनीत नाचणी, भातानंतर कुळीथ, आणि जमेल तेथे चार कोंबड्या. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी यांच्या भाज्या जाणत्या बाईकडून ओळखून घ्याव्यात, म्हणजे मुलींनाही त्यांची ओळख राहील. बचत गटातील भगिनींनी नाचणी सत्त्व किंवा शेवगा पावडर विक्रीसाठी करावयाची झाल्यास अन्न सुरक्षेची नोंदणी करावी, माल पूर्ण वाळवावा, वेष्टनावर तारीख घालावी आणि रोग बरा होण्याचे दावे छापू नयेत. आपला माल चांगले अन्न म्हणूनच विकला जावा.

आणि या महिन्यात एक काम अवश्य करावे. घरातील गरोदर व बाळंतीण बाई, वयात आलेली मुलगी आणि कष्टाचे काम करताना लवकर दमणारे माणूस, यांचे हिमोग्लोबिन जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. तपासणीत जी उणीव निघेल तिच्यावर गोळी घ्यावी, ताटात पाला वाढवावा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून आकडा किती चढला ते पाहावे. तो आकडा लिहून ठेवावा. कोणत्याही डब्यावरील जाहिरातीपेक्षा तो अधिक खरे सांगेल.